शुक्राची चांदणी उजेडातच बघा : नवख्यांसाठी शुक्रनिरीक्षणाच्या पायऱ्या

शुक्र ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. संध्याकाळी पश्चिमेला सगळ्यांत आधी उमटते ती ठसठशीत चांदणी शुक्राची, हे आपल्याला लहानपणी आजीनंच सांगितलेलं असतं. पण हौसेनं दुर्बीण आणून ती शुक्रावर लावली की बहुतेकांची निराशा होते. दिसतो तो नुसता पांढरा झगमगाट, चारी बाजूंनी किरणं फुटलेला. शनीसारखी कडी नाहीत, गुरूसारखे पट्टे नाहीत. मग दुर्बीण दुसरीकडे वळते आणि शुक्र राहून जातो.

माझंही तसंच झालं होतं. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, आम्ही सगळे साताऱ्यातल्या घरी अडकलो होतो. रोज रात्रीचं जेवण लवकर आटोपून मी पावणेआठच्या पुढे बायनॉक्युलर घेऊन गच्चीवर जायचे आणि तोच झगमगाट बघून खाली यायचे. एक दिवस कुरडया काढायला सासूबाईंबरोबर सातच्या सुमाराला वर गेले. सूर्य नुकताच मावळला होता, आभाळ अजून निळं होतं. बायनॉक्युलर गळ्यातच होती म्हणून सहज डोळ्याला लावली, आणि समोर एक इवलीशी, कापून ठेवल्यासारखी कोर. मी ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर चंद्राची कोर!" चंद्र त्या दिवशी मध्यरात्रीनंतर उगवणार होता. त्यांनी तीन वेळा बायनॉक्युलर खाली करून नुसत्या डोळ्यांनी खात्री करून घेतली, तेव्हा त्यांना पटलं.

फरक पडला तो तेवढ्या पाऊण तासामुळे. काळ्या आभाळात शुक्राचं तेज डोळ्याला आणि भिंगाला झेपत नाही, आकार त्यात विरून जातो. आभाळ उजळ असलं की तेज दबतं आणि आकार उघडा पडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : सकाळचा की संध्याकाळचा, ते आधी शोधा

शुक्र सूर्यापासून सुमारे 10.8 कोटी किलोमीटरवर फिरतो, आपण 15 कोटींवर. त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या आत असल्यामुळे आपल्याला तो कायम सूर्याच्या आगेमागेच दिसतो. सूर्यापासून तो जास्तीत जास्त 47 अंशांपर्यंत दूर जातो. या स्थितीला परम इनांतर म्हणतात. म्हणून शुक्र एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो, नाही तर सूर्योदयाआधी पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर कुणी शुक्र दाखवला, तर तो बहुधा गुरू असतो.

हे चक्र साधारण 584 दिवसांचं आहे. साडेआठ-नऊ महिने तो संध्याकाळी दिसतो. मग झपाट्यानं खाली येत सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातो, ती अंतर्युती. तेव्हा तो एक-दोन आठवडेच दिसेनासा होतो आणि लगेच पहाटे पूर्वेला उगवू लागतो. तिथे पुन्हा साडेआठ-नऊ महिने. शेवटी सूर्याच्या पलीकडे जातो, ती बहिर्युती. या खेपेला मात्र तो पन्नास-साठ दिवस गायब असतो.

यासाठी कुठलंही ॲप नसलं तरी अडत नाही. घरातल्या पंचांगात शुक्राचा अस्त आणि उदय छापलेला असतो. लग्नाचे मुहूर्त काढणारे तो बघतात, आपण निरीक्षणासाठी बघायचा. 'पश्चिमेस उदय' म्हणजे संध्याकाळचा मोसम सुरू, 'पूर्वेस उदय' म्हणजे पहाटेचा. ज्यांना मोबाइलवर आकाशच बघायचं आहे त्यांच्यासाठी स्टेलॅरियम चांगलं आहे.

दुसरी पायरी : जागा

पश्चिम क्षितिज जितकं मोकळं तितकं बरं. आमच्याकडे पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आहे, त्यामुळे शुक्र खराखुरा मावळायच्या बराच आधी आम्हाला डोंगराआड जातो. मोसमाच्या शेवटी, कोर सगळ्यांत सुंदर असते आणि शुक्र अगदी खाली असतो, तेव्हा हे फार जाणवतं. तुमच्या गच्चीवरून काय काय आड येतं ते आधी मोजून ठेवा. हात सरळ ताणून मूठ वळली की अंगठ्याच्या बाजूपासून करंगळीपर्यंतची उंची सुमारे 10 अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. समोरची इमारत दीड मूठ उंच असेल तर त्याखालचा शुक्र तुम्हाला मिळणार नाही.

तिसरी पायरी : खात्री

शुक्र आकाशातल्या कुठल्याही ताऱ्याहून उजळ असतो. सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे व्याध. शुक्र मंद असतानाही त्याच्या नऊ-दहापट उजळ दिसतो आणि ऐन तेजात असताना वीसपटींच्या घरात जातो. तो ताऱ्यांसारखा लुकलुकत नाही, क्षितिजाच्या अगदी जवळ असताना मात्र थोडा थरथरतो. मुंबई-पुण्याकडे उतरणाऱ्या विमानाचा दिवा बघून फसायला होतं, तेव्हा दोन मिनिटं थांबा. विमान सरकेल.

त्याच्या तेजाचं कारणही ऐकून ठेवा. आकारानं तो आपल्या पृथ्वीच्या जोडीचा, व्यास सुमारे 12,100 किलोमीटर. त्याच्याभोवती गंधकाम्लाच्या ढगांचं जाड पांघरूण आहे आणि ते पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी पाऊण हिस्सा परत फेकतं. त्याच पांघरुणामुळे आपल्या दुर्बिणीतून त्याची जमीन कधीच दिसणार नाही. खाली सुमारे 465 अंश सेल्सिअस तापमान आहे आणि पृथ्वीच्या नव्वदपट हवेचा दाब. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-13 यान 1982 मध्ये तिथे उतरलं आणि 127 मिनिटं तगलं. पुढे 1990 ते 1994 या काळात मॅगेलन यानानं रडारच्या लहरी ढगांतून आरपार सोडून जवळजवळ सगळ्या पृष्ठभागाचा नकाशा काढला. आपल्याला गच्चीवरून डोंगरदऱ्या बघायच्या नाहीत, बघायच्या आहेत त्या कला, म्हणजे चंद्रासारखे बदलत जाणारे त्याचे आकार.

चौथी पायरी : नुसते डोळे आणि एक वही

उपकरण आणायची घाई करू नका. आधी महिनाभर नुसत्या डोळ्यांनी नोंद ठेवा. जागा एकच, वेळ एकच : सूर्यास्तानंतर बरोबर वीस मिनिटांनी. समोरच्या घरांची, झाडांची, टाक्यांची एक ओळ वहीत काढा आणि दर चार दिवसांनी त्या चित्रात शुक्राचा ठिपका मांडा, शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात ठिपके एका रेषेत न राहता वळताना दिसतील. तीन-चार महिन्यांत त्यांची कमान होते. शुक्र वर चढतो, थबकतो आणि मग घसरतो. चढायला महिने लागतात, पण उतरताना तो शेवटच्या महिन्यात भराभर खाली येतो, कारण तेव्हा तो आपल्या जवळ आलेला असतो. माझ्या भाचीनं नऊ वर्षांची असताना अशी कमान काढली होती. शाळेतल्या आकृतीवरून तिला जे कळलं नव्हतं ते त्या कमानीवरून कळलं.

आधी एक ताकीद

शुक्र सूर्याच्या आसपास असतो, म्हणून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर किंवा दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही. पहाटे निरीक्षण करत असाल तर सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधीचा गजर लावा आणि तो वाजला की उपकरणावर टोपी. भिंगातून सूर्य क्षणभर जरी डोळ्यात गेला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. मुलं बरोबर असतील तर उपकरण त्यांच्या हाती एकटं सोडू नका.

पाचवी पायरी : बायनॉक्युलर

7×50 किंवा 10×50 ची साधी बायनॉक्युलर पुरते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

शुक्राची कोर हिच्यातून केव्हा दिसेल याचा हिशेब सोपा आहे. शुक्र सूर्यापलीकडे असतो तेव्हा त्याची चकती जेमतेम 10 विकलांची दिसते. परम इनांतराच्या वेळी ती 24-25 विकला होते आणि अंतर्युतीच्या सुमारास 60 च्या आसपास. अंश म्हणजे 3,600 विकला, आणि पौर्णिमेचा चंद्र सुमारे 1,800 विकला भरतो. आता 50 विकलांचा शुक्र दहापट मोठा केला की 500 विकला होतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. एवढ्या आकाराची कोर निरोगी डोळा सहज ओळखतो. याचा अर्थ, अंतर्युतीआधीचे आणि नंतरचे चार-पाच आठवडे हाच बायनॉक्युलरचा काळ. त्याआधी महिनोन्‌महिने बघितलं तरी ठिपक्यापलीकडे फारसं काही हाती लागणार नाही.

हात स्थिर हवा. कोपरं कठड्यावर टेका, नाही तर खराट्याचा दांडा उभा धरून त्यावर बायनॉक्युलर टेकवा. हात थरथरला की कोरीची दोन्ही टोकं एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा ठिपका होतो. फोकस आधी लांबच्या टॉवरवर किंवा डोंगराच्या कडेवर जुळवून घ्या, मग शुक्राकडे वळा.

2025 च्या माघी गणेश जयंतीला, 1 फेब्रुवारीच्या संध्याकाळी, चंद्राची कोर शुक्राच्या जवळ आली होती. त्या दिवशी शेजारच्या मुलांना मी आधी चंद्र दाखवला आणि मग शुक्र. बायनॉक्युलरमध्ये तो तेव्हा धड अर्धा नाही, धड कोर नाही असा, मोठा आणि लांबट दिसत होता. चार आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा बोलावलं, तेव्हा कोर स्वच्छ दिसली. त्यांनी आपणहून विचारलं, की बारीक होताना तो मोठा कसा झाला? एवढा एक प्रश्न पडला की शुक्र कळायला लागतो.

उत्तर असं : तो आपल्या जवळ येतो तसा त्याचा आपल्याकडचा भाग अधिकाधिक अंधारात जातो. पलीकडे, सुमारे 26 कोटी किलोमीटरवर असताना तो जवळजवळ पूर्ण गोल पण लहान. अलीकडे, 4 कोटी किलोमीटरवर असताना मोठा, पण फक्त कडेला उजळलेला. यातून एक गंमत घडते. शुक्र सर्वांत तेजस्वी असतो तो पूर्ण गोल असताना नव्हे, तर कोर असताना, अंतर्युतीच्या पाच आठवडे आधी किंवा नंतर. चतकोर भाग उजळलेला, पण जवळ असल्यामुळे एकूण उजेड जास्त.

सहावी पायरी : दुर्बीण

घेणाऱ्यांनी आधी एक लक्षात ठेवावं. माझी पहिली दुर्बीण ज्या दुकानातून घेतली तिथे खोक्यावर '525 पट' असं छापलं होतं आणि दुकानदारानंही तेच सांगितलं. घरी येऊन तेवढं मोठं करून बघितलं तर नुसता धुरकट डाग. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुपटीपलीकडे मोठं करण्यात अर्थ नसतो. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 140 पट ही मर्यादा, आणि शुक्रासाठी तेवढीही लागत नाही.

70 मिलिमीटर व्यासाची आणि 700 मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण बाजारात सहज मिळते. तिला 10 मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं बदलता येणारं भिंग, लावला की 700 भागिले 10, म्हणजे 70 पट. परम इनांतराच्या वेळचा 25 विकलांचा शुक्र 70 पट मोठा केला की 1,750 विकला होतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र जेवढा दिसतो जवळजवळ तेवढा, आणि बरोबर अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा. डोळा आयपीसला लावल्यावर तो इतका मोठा वाटणार नाही, कारण भोवतालचं काळं वर्तुळ मन फसवतं. तरी आकार तेवढाच असतो.

क्रम असा ठेवा. सूर्यास्ताआधी अर्धा तास दुर्बीण गच्चीत आणून ठेवा, तोंड पूर्वेकडे करून, म्हणजे तापलेल्या नळीची आणि बाहेरची हवा एक होईल. सूर्य मावळला की 25 मिलिमीटरच्या आयपीसनं शुक्र शोधा, मधोमध आणा, मग 10 चा लावा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सर्वांत मोलाची. शुक्र खाली गेला की हवेचा जाड थर आड येतो. मग चकती उकळत्या पाण्यात बघावी तशी हलते, आणि वरच्या कडेला निळसर, खालच्या कडेला तांबूस झालर येते. ती झालर शुक्राची नाही, आपल्या हवेनं केलेली आहे. कित्येक नवखे तिला शुक्राचा रंग समजतात. दुर्बिणीत चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं असेल, तर उजळ बाजू कुठली याचा घोळ होतो. नुसत्या डोळ्यांना उजळ बाजू नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते, हे धरून चाला. अंधार पडल्यावरच वेळ मिळत असेल तर पिवळा किंवा ध्रुवक फिल्टर लावून झगमगाट थोडा कमी करता येतो.

वहीत पाच सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं आधीच काढून ठेवा आणि दिसेल तेवढाच भाग उजळ ठेवून बाकीचा पेन्सिलनं भरा. पाठ्यपुस्तकातली आकृती आठवून काढू नका, दिसतं ते काढा. यात एक खरोखरचं शोधकाम आहे. गणितानं शुक्र ज्या दिवशी बरोबर अर्धा असायला हवा, त्याच्या काही दिवस आधीच तो संध्याकाळी अर्धा दिसतो, आणि पहाटेच्या मोसमात काही दिवस उशिरा. जर्मन निरीक्षक श्रोटर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे टिपलं. तुमच्या 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही ते टिपता येतं. अट एकच, परम इनांतराच्या आगेमागे पंधरा दिवस रोज बघायचं.

गॅलिलिओनं 1610 च्या शेवटच्या महिन्यांत हेच केलं होतं. शुक्र पृथ्वीभोवती फिरतो आणि कायम सूर्याच्या अलीकडेच असतो, असं जुन्या मांडणीत धरलं जाई. तसं असतं तर तो नेहमी कोरीच्याच रूपात दिसला असता, भरलेला कधीच नाही. गॅलिलिओला लहान भरलेली चकती, मग अर्धी, मग मोठी कोर अशी सगळी मालिका दिसली. ती दिसायची तर शुक्र सूर्याच्या पलीकडेही जायला हवा. तुमची वही एका मोसमानंतर चाळली की तीच मालिका तिच्यात असेल.

सातवी पायरी : भर दिवसा

हे जमलं की खूप आनंद होतो. शुक्र दिवसाही नुसत्या डोळ्यांना दिसतो, फक्त नेमका कुठे बघायचं ते माहीत हवं. सोपी वाट पहाटेची. सूर्योदयाआधी शुक्र विजेच्या तारेशी किंवा नारळाच्या झावळीशी जुळवून उभे राहा आणि दर पाच मिनिटांनी बघत जा. तासाला तो 15 अंश, म्हणजे दीड मूठ सरकतो. सूर्य उगवला की भिंतीच्या सावलीत या, सूर्य पूर्ण झाकला गेला पाहिजे. निळ्या आभाळात डोळ्याला कुठे नजर ठेवावी ते कळत नाही, म्हणून आधी लांबचा ढग किंवा डोंगर बघून मग वर बघा. दिसला की एक टोकदार पांढरा कण असतो, आणि नजर जरा हलली की हरवतो. चंद्राची कोर जवळ असेल तर काम आणखी सोपं. यासाठी बायनॉक्युलर वापरू नका, सूर्य फार जवळ असतो.

केव्हा काय बघायचं

2026 मध्ये शुक्र संध्याकाळचा आहे. 9 जूनच्या सुमारास गुरू त्याच्या अगदी जवळ, दोन अंशांच्या आत येतो. परम इनांतर 15 ऑगस्टच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. उघडीप मिळेल ती संध्याकाळ सोडू नका. सर्वांत तेजस्वी तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात, गणेशोत्सवाच्या दिवसांत. 24 ऑक्टोबरला अंतर्युती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या दिवाळीच्या पहाटे, तो पूर्वेला आलेला असतो : 50 विकलांहून मोठी, अगदी बारीक कोर. अभ्यंगस्नानाला उठलेल्या घरानं फराळाआधी बायनॉक्युलर घेऊन पूर्वेकडे बघावं. 3 जानेवारी 2027 च्या सुमारास पहाटेचं परम इनांतर, थंडीतलं स्वच्छ आभाळ. दिवसा शुक्र शोधायचा सराव तेव्हा करा.

शुक्राची पाच चक्रं आणि आपली आठ वर्षं जवळजवळ जुळतात, फरक फक्त दोन-अडीच दिवसांचा. 25 मार्च 2017 ला अंतर्युती होती, 2025 मध्ये ती 23 मार्चला झाली. त्याच हिशेबानं 2020 च्या टाळेबंदीत दिसलेला शुक्र 2028 मध्ये परत येतो. भारताच्या शुक्रयानासाठी मार्च 2028 चीच संधी धरलेली आहे. त्याच महिन्याच्या 22 तारखेच्या सुमारास शुक्र संध्याकाळी परम इनांतराला असतो. एप्रिलच्या सुरुवातीला तो कृत्तिकांच्या पुंजक्यातून जातो, बायनॉक्युलरमध्ये हे दृश्य फार सुरेख दिसतं. मग ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कोर होत जातो आणि 1 जूनला अंतर्युती. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गच्चीवरची वाळवणं सूर्य मावळल्यावर काढायला जा, आणि बायनॉक्युलर गळ्यात असू द्या.